टेबल संपलं, सर

जिंतूरला, जिनिंगच्या मागच्या कॉलेजात
अकरा कॉम्प्युटर आले. सात चालतात.
मी टाइपरायटरच्या जमान्यातला कारकून,
मिनिटाला चाळीस शब्द, ओळ संपली की घंटी.
मला म्हटले, पोरांना ऑनलाइनचं जरा दाखवा.
दाखवतो म्हटलं.
बटणं मी इतकी जोरात दाबतो
की पोरं म्हणतात, हळू सर, त्याला लागतंय.

पहिल्या दिवशी शिवकन्या घुगे
माऊस सरकवत सरकवत कडेला गेली
अन् हात तसाच धरून बसली.
"टेबल संपलं, सर. बाण अजून अर्ध्यातच हाय."
मागं कुणीतरी फिसकन हसलं.
मी नाही हसलो.
दोन सालाखाली माझंही टेबल
ह्याच जागी संपलं होतं,
आणि मी वर अर्ज केला होता
मोठं टेबल मिळणेबाबत.

"उचल," म्हटलं, "मधे आणून ठेव.
तोवर बाण तिथंच थांबतो.
कुठं जात नाही."

फोनवर ह्यांची बोटं
माझ्या नजरेच्या पुढं पळतात,
पण फाइल ठेवली कुठं, विचारलं
की सगळे पंख्याकडं बघतात.
मी सांगितलं, घरी आई डब्यांना चिठ्ठ्या लावते का?
हळद, धने, साबुदाणा?
"नाही लावत," धम्मपाल म्हणाला,
"तिला वासावरून कळतं."
मग मला पुढचं सुचेना.
त्यानंच फोल्डर काढलं, नाव दिलं:
धम्मपालचं, हात लावू नये.

पासवर्डच्या दिवशी वर्ग गप्प झाला.
कुणालाच सांगायचा नाही, म्हटलं.
अफरीननं बोट वर केलं.
"घरी पण नाही?"
घरी पण नाही.
घरात एक फोन, चार भावंडं,
कपाटाची किल्ली अब्बांच्या खिशात.
ती बराच वेळ कीबोर्डकडं बघत बसली,
जणू पहिल्यांदाच कुणी तिला
दार असलेली खोली दिली होती.
मग एकेक अक्षर. एकेक काळा ठिपका.
"रांगोळीचे ठिपके की गं," शिवकन्या वाकून म्हणाली.
"हां," अफरीननं हातानं पडदा झाकला,
"पण हे जोडायचे नाहीत."

पावसाळा सरता सरता एक मेसेज फिरला.
तुमची शिष्यवृत्ती मंजूर, आजच लिंक दाबा,
रात्री बारानंतर रद्द.
धम्मपाल धावत आला, "खोटंय सर,
शिष्यवृत्तीची वेलांटी चुकलीय!"
मी म्हटलं, बाबा, वेलांटीवर जाऊ नको.
तीस वर्षं सरकारी पत्रं मीच टाइप केली,
वेलांट्या मीच चुकवल्यात.
मग वळखायचं कसं?
कुणीच बोलेना. बाहेर कापसाची गाडी
मागं मागं येत होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.
"त्याला घाई हाय," अफरीन म्हणाली.
"सरकार कधी घाई करतं का, सर?"

ह्या उत्तराला मार्क कुठं लिहायचे,
हजेरीपटात तसा रकाना नाही.

आता मी फारसं शिकवत नाही.
वीज गेली की खिडक्या उघडतो,
आली की सातही बटणं दाबतो, हळू.
काल तांड्यावरची नवी पोरगी आली,
तिचा हात कडेला जाऊन अडला
आणि मी खुर्चीतून उठायच्या आत
शिवकन्याचा आवाज आला, "उचल गं. मधे ठेव.
बाण कुठं जात नाही."

आणि परवा,
ट्रॅक्टरमधून, दोरीनं बांधून,
मोठं टेबल मंजूर होऊन आलं.
सही केली, ठेवून घेतलं.
पोरं त्यावर जेवणाचे डबे ठेवतात.
एकाही डब्यावर नाव नाही,
अन् अजून कुणाचा कुणाला
चुकलेला नाही.